टोल्युइन पंपाच्या सीलपॉटमध्ये काय भरायचं: नोव्हेंबर ते मे

कुरकुंभच्या एमआयडीसीत मी मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे कोरड्या टोल्युइनचे (हे एक ज्वलनशील सॉल्व्हंट) दोन पंप आहेत, ए आणि बी. एक चालतो, एक उभा. पाच हजार लिटरच्या डे-टँकमधून टोल्युइन उचलायचं, मॉलिक्युलर सिव्हच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) कॉलममधून फिरवून परत टँकमध्ये सोडायचं, एवढंच काम. पुढे ते सोडामाइडच्या (पाण्याशी भांडणारं रसायन) रिअ‍ॅक्शनला जातं, म्हणून ओल १०० पीपीएमच्या आत लागते. पंपांना डबल मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टच्या कडेने द्रव बाहेर येऊ नये म्हणून एकामागे एक दोन सील), प्लॅन ५३ए: म्हणजे १२ लिटरचा सीलपॉट, वरून नायट्रोजनचा दाब आणि दोन सीलांच्या मधे बॅरियर फ्लुइड. या पॉटमध्ये काय भरायचं ते ठरवण्यात माझे सहा महिने गेले. कुणाला हेच काम करायचं असेल तर माझे दिवस तरी वाचतील, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतोय.

७ नोव्हेंबर

सकाळी सातला क्यूसीतल्या (तपासणीच्या लॅबमधल्या) मॅडमचा फोन. डे-टँकची ओल २३० पीपीएम. काल संध्याकाळी ६५ होती. पावसाळा संपलाय, टँकला नायट्रोजनचं ब्लँकेट आहे, मग पाणी आलं कुठून? मी आधी सिव्हच्या कॉलमवर संशय घेतला आणि दोन तास तिकडे घालवले. नऊ वाजता फिटर मामा म्हणाले, "साहेब, ए पंपाचा पॉट बघितला का?" लेव्हल साडेआठ सेंटिमीटर खाली. रात्रपाळीच्या शीटवर तीन वेळा "लेव्हल ओके" लिहिलेलं.

पॉटचा आतला व्यास १५० मिमी, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे १७७ मिली. साडेआठ सेंटिमीटरचे दीड लिटर. पॉटमध्ये पाणी-ग्लायकॉल निम्मं-निम्मं होतं. बाहेर थेंबही नाही, म्हणजे सगळं आत गेलं. त्यातलं पाऊण किलो पाणी ४,३०० किलो टोल्युइनमध्ये गेलं की १७० पीपीएमच्या वर होतं. हिशेब जुळला. सिव्ह बिचारे निर्दोष. उलट त्यांनीच थोडं पाणी खाल्लं असणार.

९ नोव्हेंबर

सील उघडलं. आतल्या फेसवर (सीलमध्ये एकमेकांवर घासत फिरणाऱ्या चकत्या म्हणजे फेस) हिरवट, चिकट साय. नखाने खरवडली तर जेलीसारखी निघते, वाळलेली जागा मात्र काचेसारखी कडक. ही साय फेसांमध्ये बसली, फेस उघडे राहिले, द्रव आत.

हिरवा रंग बघून स्टोअरवाल्या काकांना विचारलं. ऑगस्टमध्ये औद्योगिक ग्लायकॉल संपलं होतं, म्हणून रात्री हायवेवरच्या दुकानातून गाडीचं कुलंट आणलं होतं. तेही ग्लायकॉलच ना! ग्लायकॉलच, पण रेडिएटर गंजू नये म्हणून त्यात सिलिकेट वगैरे मिसळलेलं असतं. रेडिएटरला ते औषध, सीलच्या फेसला विष. फेसमधली फिल्म मायक्रॉनभर जाडीची, तिथे गरम होऊन जे सुटतं ते तिथेच बसतं. कुलंटची बिलं शोधली तर खाली माझीच सही.

११ नोव्हेंबर

सीलवाल्याला फोन करण्याआधी क्यूसीतल्या मॅडमकडे गेलो. हे आधीच करायला हवं होतं. त्यांना एकच विचारलं: सील फुटलं तर तुमच्या टँकमध्ये काय आलेलं चालेल? बॅरियर फ्लुइडचा दाब आतल्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे सील धडधाकट असतानाही ते थेंबथेंब आतच जात राहतं. येणार की नाही हा प्रश्नच नाही.

त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. कार्ल फिशर टेस्ट फक्त पाणी मोजते. ग्लायकॉल तिला दिसत नाही, पण सोडामाइडला दिसतं. ग्लायकॉलच्या ओएच गटाशी ते पाण्यासारखंच भांडतं आणि अमोनिया सोडतं. सप्टेंबरमध्ये दोन बॅचना ओल ठीक असूनही स्क्रबरवर (वायू धुऊन काढणारं यंत्र) अमोनियाचा लोड वाढला होता, कारण सापडलं नव्हतं. ग्लायकॉल टोल्युइनमध्ये विरघळत नाही, टँकच्या तळाशी जमतं. वरच्या सॅम्पलमध्ये ते सापडणार कसं? तळाचा ड्रेन उघडला तर पाव लिटर हिरवं पाणी.

तिथेच पर्यायांची यादी निम्मी झाली. पाणी बाद, ग्लायकॉल बाद. ज्यात ओएच आहे ते सगळं बाद, म्हणजे प्रोपॅनॉलही. सिलिकॉन ऑइल मॅडमनी नाकारलं, ते एकदा प्रॉडक्टमध्ये गेलं की निघत नाही म्हणाल्या. मलाही ते नकोच होतं, कडक फेसांना त्याचं वंगण कमी पडतं. एका साहेबांनी सुचवलं, टोल्युइनच भरा पॉटमध्ये. मग बाहेरच्या सीलमधून टोल्युइनच हवेत येणार. डबल सील कशाला लावलं मग?

राहिलं तेल. तेलाचा अंश मदर लिकरबरोबर (प्रॉडक्ट वेगळं केल्यावर उरणारा द्रव) निघून जातो, थोडं चालेल असं मॅडम म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर

बॅचची घाई. स्टोअरमध्ये हायड्रॉलिक ऑइल व्हीजी ४६ चं (हा आकडा तेलाच्या घट्टपणाचा) बॅरल होतं. तेच भरलं. सीलची दुरुस्ती किट ३४,००० रुपये, "मागच्यासारखीच पाठवा" असं सांगून मागवली. या दोन शब्दांनी पुढे घात केला.

पॉट दोनदा धुतला, तरी आतल्या थंड करणाऱ्या कॉइलच्या मागे ग्लायकॉल राहिलं आणि पहिलं तेल दुधाळ झालं. तिसऱ्यांदा काढून भरलं. दिवस गेला.

दाबही तपासला. सील चेंबरमध्ये पंप चालू असताना १.८ बार. पॉटवर २.५ ठेवलेला, म्हणजे फक्त ०.७ जास्त. एपीआय ६८२ (पंपांच्या सीलांसाठीचं मानक) किमान १.४ बार जास्त मागतं. ३.५ वर नेला.

२ डिसेंबर

ओल ५०-६० पीपीएम. स्क्रबर शांत. प्रॉडक्शनचे साहेब चहा पाजून गेले. मीही फुशारलो.

२२ डिसेंबर

सकाळी पावणेसात, बाहेर ११ अंश. बी बंद करून ए पंप चालू केला आणि किंचाळल्यासारखा आवाज आला. दहा मिनिटांत थांबला, म्हणून सोडून दिलं. दुपारी बाहेरच्या ग्लँडमधून (सीलच्या झाकणातून) तेलाची धार. तासाला अर्धा लिटर.

२३ डिसेंबर

सील उघडलं. गुन्हेगार दोन.

पहिला: कार्बनच्या फेसवर फोड. फुटलेल्या पापडासारखे, गव्हाच्या दाण्याएवढे खड्डे. घट्ट तेलाने थंडीत सुरुवात केली की असं होतं. कार्बनच्या छिद्रांत तेल शिरलेलं असतं, फेस एकदम तापतो, आतलं तेल फुगतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने कार्बनचा टवका उडवतं. ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असलेलं तेल ११ अंशांना सव्वादोनशेच्या आसपास जातं. फेसवर तपकिरी डागही होते. हायड्रॉलिक ऑइलमध्ये झीज रोखायला जस्ताचं अ‍ॅडिटिव्ह असतं, ते तापलं की असा थर धरतं. म्हणजे कुलंटची चूक मी दुसऱ्या रंगात पुन्हा केली.

दुसरा: बाहेरच्या सीलची ओ-रिंग. खोबणीतून निघेना, निघाली तेव्हा नव्या रिंगेच्या शेजारी ठेवली तर तिची मोठी बहीण वाटावी. ईपीडीएम रबराची. पूर्वी पाणी-ग्लायकॉल होतं म्हणून दुरुस्तीवाल्याने बाहेरच्या बाजूला ईपीडीएम ठेवलेली. ग्लायकॉलमध्ये ती उत्तम चालते, खनिज तेलात फुगते. फुगून स्लीव्हवर चिकटली, मग स्प्रिंग फेसला पुढे ढकलणार कशी? "मागच्यासारखीच पाठवा" म्हणालो होतो, त्याने अक्षरशः तसंच पाठवलं. त्याला दोष नाही.

यापुढे नियम: फ्लुइड बदललं तर किटच्या ऑर्डरमध्ये प्रत्येक ओ-रिंगचं मटेरियल लिहायचं. आता सगळ्या व्हायटन रबराच्या. टोल्युइन आणि तेल दोन्हीला चालते. अ‍ॅसिटोन किंवा एमईकेसारखं सॉल्व्हंट असतं तर व्हायटनही चालली नसती.

आणखी ३४,००० गेले. बी पंप अजून ग्लायकॉलवर, त्यामुळे डे-टँकला तोपर्यंत रोज तळाचा ड्रेन काढायची शिक्षा.

२७ डिसेंबर

व्हीजी ४६ कागदावर बसत होतं, हे मान्य करायला हवं. एपीआयच्या मर्यादेत आहे: ३८ अंशांना १०० सेंटिस्टोकच्या खाली, किमान तापमानाला ५०० च्या खाली. पण आमच्या पॉटच्या लाईनी १२ मिमीच्या आणि त्यात चार एल्बो (काटकोनी वळणं). पॉट आणि सीलमध्ये द्रव फिरवणारी, सीलमधली पम्पिंग रिंग म्हणजे काही गिअर पंप नव्हे, तिचा जोर जेमतेम. पातळ ग्लायकॉल फिरायचं, तेल अडलं. पॉट गार, सील तापलेलं.

मग बी पंपावर सीलकडे जाणाऱ्या आणि सीलमधून परत येणाऱ्या लाईनचं तापमान टेम्परेचर गनने मोजलं. फरक ३ अंश. मामा म्हणाले, हात लावून बघा. येणारी लाईन चांगलीच गरम होती. चकचकीत स्टेनलेस पाइपवर गन खोटं बोलते. पाइपला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून टेपवर मोजलं तर फरक १३. पाणी-ग्लायकॉलला ८ अंशांपर्यंत आणि तेलाला १६ अंशांपर्यंत चालतो. महिनाभराची माझी शीट या एका टेपअभावी रद्दी.

२९ डिसेंबर

पुढचं तेल निवडायला दोन नमुने मागवले. एक पांढरं तेल, म्हणजे लाइट लिक्विड पॅराफिन, फार्मा ग्रेड, लिटरला १४० रुपये. दुसरं पीएओ, म्हणजे सीलसाठीच विकलं जाणारं सिंथेटिक तेल, ४० अंशांना १८ सेंटिस्टोक, २० लिटरची बादली २१,००० रुपये. दोन्हींत सीलवर बसेल असं अ‍ॅडिटिव्ह नको, हे लेखी मागितलं.

डेटाशीटवर विश्वास कमी झालाय, म्हणून मामांनी सुचवलं ते केलं. सारख्या काचेच्या बाटल्यांत व्हीजी ४६, पांढरं तेल आणि पीएओ भरलं, प्रत्येकीत एक बेअरिंगचा छोटा छर्रा टाकला आणि रात्रभर क्यूसीच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बाटली उलटी करायची आणि छर्रा बुडाकडून झाकणापर्यंत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. व्हीजी ४६ मध्ये छर्रा आरामात, लग्नाच्या वरातीसारखा. बाकी दोघांत डोळ्यांनी फरक करता येईना, झपकन खाली.

या खेळाचा खरा फायदा वेगळाच झाला. स्टोअरमध्ये आलेल्या पांढऱ्या तेलाच्या पन्नास लिटरच्या ड्रमचीही बाटली लावली होती. तिच्यातला छर्रा व्हीजी ४६ च्याही मागे राहिला. ड्रमवर "लिक्विड पॅराफिन" लिहिलेलं, "लाइट" हा शब्द गायब. रंग, वास, दिसणं एकच, पण हे जड. ड्रम परत पाठवला.

४ जानेवारी

ए पंप: व्हायटनच्या रिंगा, नवा कार्बन, लाइट पॅराफिन. लाईनी २० मिमीच्या केल्या, एल्बोंऐवजी लांब वळणं, सीलपासून पॉटपर्यंत सतत चढ. आधी एका ठिकाणी लाईन पोट काढून खाली उतरली होती. असं असलं की वरच्या कमानीत हवा अडकते आणि फिरणं थांबतं. फॅब्रिकेशनवाल्याचे ११,००० रुपये. सकाळी सहाला १२ अंशांत चालू केला. आवाज नाही. दुपारी फरक ११ अंश.

१८ जानेवारी

लेव्हल खाली जायची भीती होती, ती वर गेली. २ सेंटिमीटर. ऑपरेटरने आनंदाने सांगितलं, सील भरतंय. पॉटमधल्या तेलाला टोल्युइनचा वास.

पहाटे नायट्रोजन प्लांट ट्रिप (अचानक बंद) झाला होता. पॉटच्या नायट्रोजन लाईनला एनआरव्ही (उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे, हेडरचा (मुख्य लाईनचा) दाब पडला तरी त्याने दाब धरायला हवा होता. त्याच्या सीटवर गंजाचा कण, त्यामुळे त्यातून दाब निसटत होता. पॉट १.२ बारवर आला, सील चेंबर १.८, आणि टोल्युइन उलटं आलं. साडेतीनशे मिली. तेल पातळ झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे आता पॉटमध्ये ज्वलनशील द्रव आणि तोच वाफ होऊन नायट्रोजन हेडरमध्ये. सगळं तेल काढलं. पांढरं तेल होतं म्हणून जीव जळला नाही, बारा लिटरचे सतराशे रुपये. हेच पीएओ असतं तर बारा हजार गेले असते.

एनआरव्ही बदलला, पॉटला लो प्रेशर अलार्म लावला, शीटवर मोठ्या अक्षरात लिहिलं: लेव्हल खाली म्हणजे सील पाझरतंय, लेव्हल वर म्हणजे दाब गेलाय. वरची जास्त धोक्याची.

१२ फेब्रुवारी

बी पंपाला पीएओ भरलं. फरक २२ अंश! महागडं तेल आणि हा निकाल. खरेदीवाल्यांनी विचारायच्या आत कारण सापडलं पाहिजे म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. जाणारी आणि येणारी लाईन उलट जोडलेल्या. पम्पिंग रिंगचं आउटलेट ग्लँडवर वरच्या बाजूला होतं, तिथे पॉटकडून येणारी थंड लाईन बसवलेली. म्हणजे रिंग एकीकडे ढकलते आणि गरम तेल स्वभावाने दुसरीकडे चढू बघतं. गेल्या दुरुस्तीपासून असंच असणार, ग्लायकॉलच्या १३ अंशांचा उलगडा तेव्हा झाला. लाईनी बदलल्यावर फरक ७.

३ मार्च

लेव्हलचा घोळ. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदीत पाऊण सेंटिमीटरचा फरक, कधी वर कधी खाली. आठवडाभर सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. काही नाही. तेल तापलं की फुगतं एवढंच. सकाळ-दुपार वीस अंशांचा फरक, नऊ लिटर तेल, तेवढ्यात सव्वाशे मिली वाढतं. आता लेव्हल फक्त सकाळी सातला वाचायची.

१० एप्रिल

सावलीत ४१ अंश. दोन्ही पंप आलटूनपालटून चालवून झाले. ए वर पांढरं तेल, तीन आठवड्यांत १ सेंटिमीटर, म्हणजे तासाला ०.३५ मिली. बी वर पीएओ, साधारण तेवढंच. ओल ५५. टोल्युइनचा न उडणारा अंश मॅडमच्या मर्यादेत.

सीलवाल्यांचा आग्रह दोन्हीकडे पीएओ भरण्याचा होता. मी ए ला पांढरंच ठेवतोय. आमचं टोल्युइन ३५-४० अंशांचं, त्याला एवढ्या उंची तेलाची गरज दिसत नाही, आणि आमच्या नायट्रोजनचा भरवसा बघता तेल फेकायची वेळ पुन्हा येणारच. अट एकच, दर सहा महिन्यांनी बदलायचं आणि प्रत्येक ड्रमची छर्रा परीक्षा. पलीकडच्या ब्लॉकमध्ये ११० अंशांचा द्रव उचलणारा बॉटम पंप आहे, तिथे मात्र मी पीएओच भरेन.

आतापर्यंतचा खर्च, वाया गेलेली बॅच सोडून: किटा, लाईनी, तेलं, एनआरव्ही, अलार्म मिळून १ लाख ३० हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त दोन किटांचे, आणि त्यातली दुसरी निव्वळ माझ्यामुळे.

४ मे

रात्रपाळीत बी ची लेव्हल खालच्या खुणेशी आली होती. नव्या ऑपरेटरने टॉप-अप केलं. कशाने? पंपामागे ऑगस्टपासून पडलेल्या हिरव्या कॅनने. सकाळी लेव्हल ग्लासच्या तळाशी हिरवा मणी दिसला म्हणून कळलं.

ग्लायकॉल तेलापेक्षा जड, ते पॉटच्या तळाशी बसतं. आणि सीलकडे जाणारी लाईन निघते ती तळातूनच. म्हणजे चूक थेट फेसपर्यंत पोचते. पंप थांबवला, तळाचा ड्रेन उघडला, ८०० मिली हिरवं निघालं, मग सगळं तेल काढून पुन्हा भरलं. या वेळी बारा हजार गेलेच. पोराला कुणी ओरडलं नाही. तो कॅन तिथे मीच ठेवला होता.

मामांनी कॅन उचलून थेट स्क्रॅपमध्ये नेला. टॉप-अपच्या नोझलला हातपंपाची कपलिंग बसवली, फनेल लागतच नाही. हातपंप तेलाच्या ड्रमलाच साखळीने बांधलाय.

१९ मे

बी पंप, सकाळी सात. लेव्हल ४१.५. काल ४१.५. परवा ४१.५.